चिझलने पाइल घेताना ‘खडक लागला’ हे कधी म्हणायचे? (नाशिक, गोदाकाठ)

गोदाकाठ (धागाकर्ता)

पंचवटीत नदीजवळच्या एका प्लॉटवर पार्किंग अधिक सहा मजले बांधायचे आहेत. गल्ली जेमतेम चार मीटरची. तपासणीचे दोन बोअर झाले आहेत. पाणी साधारण ४ मीटरवर लागते.

पहिला बोअर: २.२ मीटरपर्यंत भराव आणि काळी माती. ६.५ पर्यंत पिवळसर चिकणमाती, मधे वाळूचे पट्टे. ९ पर्यंत मुरूम आणि गोटे. १०.५ पर्यंत झिजलेला खडक. त्याखाली मांजऱ्या (पोकळ्या असलेला, तुलनेने मऊ बेसॉल्ट), आणि १२ पासून काळा पाषाण, कोअर रिकव्हरी (खणलेल्या लांबीपैकी हाती आलेला दगड) ८५ टक्के.

दुसरा बोअर, पहिल्यापासून १८ मीटर दूर: ७.६ ला ताजा काळा दगड, पण ८.४ ला पुन्हा मुरूम! खरा खडक १२.१ ला.

डिझाइनमध्ये ६०० मिमीचे २४ पाइल (जमिनीत भोक घेऊन भरलेले काँक्रीटचे खांब) आहेत, प्रत्येकावर १२० टन, खडकात सॉकेट (पाइलचा खडकात रुतलेला भाग) १.२ मीटर. काम तिपाई-विंचवर, दीड टनी चिझल (वरून आपटून खडक फोडणारी जड छिन्नी) आणि बेलरने (भुगा-गाळ उपसणारे नळीसारखे भांडे) होणार आहे.

तीन प्रश्न आहेत. १) चिझल थांबवायची कुठे? सॉकेट ९ पासून मोजायची, १०.५ पासून की १२ पासून? २) केसिंग (बोअरची भिंत धरणारी पोलादी नळी) पुरेल की बेंटोनाइट (भिंत ढासळू न देणारी मातीची पूड, पाण्यात कालवून) लागेलच? ३) शेजारी चार मीटरवर दगड-मातीच्या भिंतींचे जुने दुमजली घर आहे. त्याला जपायचे कसे?

मुरूममास्तर

तुमचा दुसरा बोअर सोन्यासारखा आहे. तो नसता तर निम्मे पाइल ७.६ वर थांबले असते आणि सगळ्यांनी ‘खडक लागला’ म्हणून सह्या केल्या असत्या.

आपल्याकडचा बेसॉल्ट कांद्याच्या सालीसारखा झिजतो. भेगांमधून पाणी शिरते, कडा मऊ होतात आणि मधे गोल गाभा ताजा राहतो. मुरुमात असे गोटे अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंतही असतात. चिझल त्यावर आदळली की आवाज खणखणीत, कपच्या काळ्या आणि धारदार. वरून बघणाऱ्याला सगळी लक्षणे खडकाची वाटतात.

ओळखायचे असे. एक, गोटा बोअरच्या मधोमध क्वचितच असतो. चिझल एका बाजूला घसरते, दोर केसिंगच्या एकाच कडेला घासू लागतो. दोन, गोट्याच्या कपच्यांवर तांबूस-तपकिरी कवच दिसते. बेलरमधून ताज्या कपच्यांबरोबर सतत पिवळा मुरूम येत असेल तर सावध व्हा. तीन, ज्या पाइलला शेजारच्यापेक्षा दीड-दोन मीटर वर ‘खडक’ लागला, त्याच्यावर संशय घ्यायचाच. खडकाचा माथा उतरता असू शकतो, पण त्याला काहीतरी शिस्त असते.

खात्रीचा उपाय: प्रत्येक पाइलच्या जागी आधीच वॅगन ड्रिलने किंवा छोट्या बोअर मशिनने १०० मिमीचे भोक, ठरलेल्या तळाच्या निदान दोन मीटर खाली. कोअर मिळत नाही, पण ड्रिल किती वेगाने उतरली आणि धुळीचा रंग कुठे बदलला एवढे लिहून ठेवले तरी गोटा आणि खडक वेगळे कळतात. नाशिकमध्ये बोअर मशिनला तोटा नाही. २४ भोकांचा खर्च एका फसलेल्या पाइलपुढे काहीच नाही.

कप्पी

वरच्याशी पूर्ण सहमत. फक्त चिझल नीट चालली नाही तर ही लक्षणेही खोटी दिसतात, म्हणून यंत्राकडचे सांगतो.

घाव बसतो त्या क्षणी दोर किंचित सैल झाला पाहिजे. दोर ताठच राहिला तर ऑपरेटरने ब्रेक आधी धरला आहे. चिझल लटकत आदळते, ताकद निम्मी वाया जाते. उलट फार सैल सोडला तर चिझल कलंडते, बोअर वाकडा होतो आणि दोराला गाठी पडतात. चांगल्या ऑपरेटरचा हात क्लचपेक्षा ब्रेकवर कळतो.

दुसरे म्हणजे चिझल प्रत्येक घावाला थोडी फिरली पाहिजे. दोराचा पीळ आणि वरचा स्विव्हल (फिरता सांधा) हे काम करतात. स्विव्हल ग्रीसअभावी जाम झाला की चारही पाती त्याच चार खाचांत बसतात, बोअर गोल न राहता अधिकच्या चिन्हासारखा होतो आणि केज (सळ्यांचा सांगाडा) अडकतो. दोरावर खडूची खूण करा. काही घावांत खूण फिरलेली दिसली नाही तर काम थांबवून स्विव्हल उघडा.

तिसरे, व्यास. काळ्या पाषाणात पात्यांच्या बाहेरच्या कडा झपाट्याने झिजतात. ६०० ची चिझल ५७० झाली तरी बघणाऱ्याला कळत नाही. सॉकेट अरुंद होते, नवीन भरलेली चिझल उतरवली की त्याच निमुळत्या भागात पाचर बसते. सळईची ६०० ची रिंग करून ठेवा आणि रोज सकाळी चिझलवर चढवून बघा. फट वाढली की हार्डफेसिंगचा (कठीण थर चढवणारा वेल्डिंगचा) रॉड लावून कडा भरून घ्या. वेल्डिंगनंतर चिझल पाण्यात बुडवून गार करू नका. भरलेली कड तडकून पहिल्याच तासात तुकडा उडतो.

सातपूरकर

+१. कपच्यांचे नमुने पिशवीत भरून पाइल क्रमांक आणि खोली लिहून ठेवा. महिन्याभराने वाद निघाला तर तेवढेच बोलते.

हिशोबी

थांबायचे कुठे, याला आकडा आहे. एका चौरस मीटरवर एक सेंटीमीटर उतरायला चिझलला किती काम करावे लागले, ते मोजायचे.

काम = चिझलचे वजन × उचल × घाव
भागिले (बोअरचे क्षेत्र × उतरलेले सेंटीमीटर)

तुमच्या आकड्यांनी: वजन १.५ टन, उचल १.२ मीटर, मिनिटाला १० घाव धरले तर अर्ध्या तासात ३००. काम झाले ५४० टन-मीटर. ६०० मिमीचे क्षेत्र ०.२८३ चौ. मी. अर्ध्या तासात १० सेंमी उतरली तर आकडा येतो सुमारे १९०. तेवढ्याच वेळात ४ सेंमी उतरली तर सुमारे ४७७. पहिला खडक मऊ, दुसरा घट्ट.

चिझल स्लरीत (बेंटोनाइट कालवलेल्या पाण्यात) बुडालेली असते हे विसरू नका. पोलादाची घनता ७.८५, स्लरीची १.१, म्हणजे १४ टक्के वजन तिथेच गेले. शिवाय स्लरीचा अडथळा, कप्पीचे घर्षण, विंचच्या ड्रमचे ओझे. म्हणून कागदावरचे ५४० खाली पोचेपर्यंत ४५० च्या आत येतात.

ओळंबा

@हिशोबी, सूत्र बरोबर आहे, पण हा आकडा पुस्तकातून किंवा दुसऱ्या साइटवरून उचलून इथे लावायला माझा ठाम विरोध आहे. ‘अमुक आकडा आला की थांबा’ असे मुंबईच्या कामावरून ऐकून नाशिकमध्ये लावले जाते. विंच वेगळी, ऑपरेटर वेगळा, चिझलची धार वेगळी, खडक तर वेगळाच.

एक साधी गोष्ट घ्या. बोअरच्या तळाशी २० सेंमी भुगा साचलेला असताना घाव घातले तर भुगा गादीसारखा दबतो. चिझल उतरत नाही, आकडा आपोआप ५०० च्या वर जातो आणि खडक घट्ट असल्याचा दाखला तयार होतो. खडक तोच, फक्त बेलर मारलेला नाही.

हिशोबी

@ओळंबा, मान्य. भुग्याचा मुद्दा मी लिहायला हवा होता. मोजणीआधी बेलर रिकामा येईपर्यंत तळ साफ, मग अर्धा तास घाव, पुन्हा साफ, मग माप. माप एका ठिकाणी नको. मधोमध एक आणि कडेला चार, पोलादी टेपला वजन बांधून. पाचही मापांत फार फरक असेल तर तळ उतरता आहे, म्हणजे चिझल गोट्याच्या कुशीत बसली असण्याची शक्यता आहे.

नवाविटकर

बाहेरचा प्रश्न विचारतो, राग नसावा. मोठी हायड्रॉलिक रिग (फिरवून भोक घेणारे यंत्र) आणली तर दोन दिवसांचे काम काही तासांत होते ना? २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत पुलांची कामे निघणार, तिथे तर रिगच दिसतील. मग अजून ही तिपाई का?

रिगरोटरी

राग कसला, योग्य प्रश्न आहे. माती आणि मुरूम रिग खरोखर तासाभरात काढते, बोअर सरळ, हादरे नगण्य. पण घट्ट बेसॉल्टमध्ये साधी बकेट चालत नाही. कोअर बॅरल, बुलेट दात किंवा रोलर बिट लागतात, दात पटापट झिजतात आणि टॉर्क कमी पडला तर रिग नुसती फिरत राहते. मोठ्या व्यासाला, मोकळ्या जागेत, शंभर पाइल असतील तर रिगच. २४ पाइलसाठी चार मीटरच्या गल्लीत ती आत वळणारच नाही. शिवाय काँक्रीटचा मिक्सर आत आला की रिग बाहेर काढायला जागा नाही.

कप्पी

त्यात भर. तिपाई सुटी करून टेम्पोतून येते, हातांनी उभी राहते. मांजऱ्यापर्यंत ती बरी चालते, घट्ट काळ्या पाषाणात मात्र तासाला पाच-दहा सेंमीवर समाधान मानावे लागते. १.२ मीटर सॉकेटला दोन दिवस गेले तर कुणी ओरडू नये. घाई केली की पहिला बळी सॉकेटचा जातो.

आणि गल्लीत वर बघा! तिपाईची उंची सात-आठ मीटर. ११ केव्हीची लाइन किंवा सर्व्हिस वायर जवळून जात असेल तर आधी महावितरणकडून बंद करून घ्या किंवा सरकवून घ्या. ओला दोर, लोखंडी पाय आणि चिखलात उभी असलेली माणसे. इथे ‘सांभाळून करू’ हे उत्तर नाही.

दोराच्या टोकाला क्लिपा लावताना यू-बोल्ट मेलेल्या टोकावर आणि खोगीर ताण घेणाऱ्या बाजूवर, निदान तीन क्लिपा. उलट लावली की यू-बोल्ट चालता दोर चिरडतो. एका पिळात तुटलेल्या तारा दिसू लागल्या की दोर बदला, तोडून पुन्हा बांधत बसू नका.

गारगोटीप्रेमी

थोडे अवांतर, पण जवळचेच. मांजऱ्यात बेलरबरोबर पांढरे, गुलाबीसर चमकदार स्फटिक आले तर ते झिओलाइट गटातले. पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, कधी त्यांच्या सोबतीने अपोफिलाइट. नाशिकजवळच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींचे नमुने जगभरच्या संग्रहात आहेत आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय याच खजिन्यावर उभे आहे.

‘मांजऱ्या’, ‘गेरू’, ‘मुरूम’, ‘काळवत्री’ हे शब्द विहीर खोदणाऱ्यांकडून आले आहेत. बोअर लॉगमध्ये इंग्रजी नाव लिहा, पण शेजारी हा शब्दही लिहा. खाली उभ्या असलेल्या ऑपरेटरला तोच कळतो.

मुरूममास्तर

@गारगोटीप्रेमी, अवांतर अजिबात नाही. पोकळ्या जास्त आणि त्या झिओलाइटने भरलेल्या असतील तर तो मांजऱ्या चिझलखाली लवकर पिठूळ होतो. त्याची ताकद काळ्या पाषाणाच्या बरीच खाली असते, म्हणून त्यातले सॉकेट आणि पाषाणातले सॉकेट एकाच मापाने मोजता येत नाही.

‘गेरू’चे नाव निघालेच आहे तर, लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा थर पाइलच्या तळाखाली आहे का, ते बघाच. सुकलेला असताना कडक, पाणी लागले की लोण्यासारखा. तळाखाली तीन व्यास, म्हणजे तुमच्याकडे १.८ मीटरपर्यंत, तो नसावा. तपासणीचे बोअर १२ ला पाषाण लागताच थांबवले असतील तर अजून तीन-चार मीटर खाली न्या. आणि सॉकेट झिजलेल्या थरात असेल तर बोअर रात्रभर पाण्यात उघडा ठेवू नका, तळ फुगून मऊ पडतो.

गाळसाफ

प्रश्न दोनकडे कुणीच वळले नाही.

तुमच्याकडे ४ मीटरवर पाणी आणि ६.५ पर्यंत वाळूचे पट्टे. नुसते दीड-दोन मीटरचे गाइड केसिंग घालून पाण्यावर काम चालवले तर वाळू आत येणारच. दोन मार्ग आहेत.

पहिला, ७ मीटरपर्यंत केसिंग, म्हणजे त्याचे टोक मुरुमात रुतले पाहिजे. केसिंगचा आतला व्यास ६३० ते ६५० ठेवा, नाहीतर चिझलची पाती आत घासतात. मुरूम आणि खडकात भिंत आपली आपण उभी राहते, तिथे साधे पाणी चालते.

दुसरा, तीन मीटर केसिंग आणि खाली बेंटोनाइट. हजार लिटर पाण्याला ५० ते ६० किलो. पावडर पाण्यात टाकून लगेच वापरायची नाही. चांगली घुसळून एक रात्र फुगू द्यायची. ताज्या स्लरीची घनता १.०३ ते १.१०, मार्श कोनमधून (स्लरीचा घट्टपणा मोजायचे नरसाळे) ३० ते ६० सेकंद, पीएच ९ ते ११.५. बोअरमधली पातळी भूजलाच्या निदान एक-दीड मीटर वर कायम. सिमेंट मिसळले की स्लरीच्या गुठळ्या होतात, ती टाकून द्या. पण नाल्यात किंवा गोदावरीत नाही, टँकरने बाहेर न्या.

तुमच्या जागी मी पहिला मार्ग सुचवेन. गल्लीत स्लरीच्या टाक्यांना जागा कुठे आहे?

वाड्यातला

@गोदाकाठ, शेजारच्या घराबद्दल. सगळे हादऱ्यांना घाबरतात, पण पंचवटीच्या मातीत त्याहून मोठा धोका बेलरचा आहे.

बेलर बोअरमध्ये दट्ट्यासारखा चालतो. भरलेला बेलर जोरात वर ओढला की त्याच्याखाली पोकळी होते आणि ती बाजूची वाळू ओढून घेते. प्रत्येक खेपेला दोन-चार घमेली वाळू जास्त आली तरी दिवसभरात शेजाऱ्याच्या पायाखालची जमीन मोकळी होते. आणि जुन्या घराचा पाया मीटर-दीड मीटरवरच असतो. तेव्हा बेलरचा व्यास बोअरपेक्षा बराच लहान, ओढ सावकाश, आणि वर ओढताना बोअरमध्ये पाणी-स्लरी सतत भरत राहायची. निघालेला माल मोजा. ६०० मिमीच्या एका मीटरला ०.२८ घनमीटर, सुटा झाल्यावर थोडा जास्त. दुप्पट निघाला तर तिथेच थांबा.

हादऱ्यांसाठी: सुरुंगाच्या हादऱ्यांकरिता खाण सुरक्षा महासंचालनालयाची १९९७ ची मर्यादा आहे. साध्या घरांना ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिमी, ऐतिहासिक वास्तूंना २ मिमी. चिझलसाठी तो नियम नाही, पण मापदंड म्हणून धरता येतो. भिंतीपाशी मापक ठेवा. शेजारच्या पाइलना उचल १.२ वरून ०.६ मीटरवर आणा. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या.

काम सुरू होण्याआधी त्या घरातल्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो, दोन्ही पक्षांच्या सह्या. मोठ्या भेगांवर प्लास्टरने काचपट्ट्या चिकटवा. भेग हलली की काच तडकते, वाद उरत नाही. आणि रात्री दहा ते सकाळी सहा चिझल बंद. त्या घरात राहणाऱ्यांना आधी जाऊन भेटा, किती दिवस चालेल ते सांगा. शेजाऱ्याला अंधारात ठेवून केलेले काम शेजाऱ्यालाच जास्त छळते.

सिडकोवाली

@कप्पी, चिझल अडकली तर काय करायचे ते राहिले. आणि घाव मोजायला बसवलेल्या मुलाचे तीनशेपर्यंतचे आकडे तोंडपाठ होतात, हा फायदा हिशोबींनी सांगितलाच नाही. :)

कप्पी

:) आकड्यांसाठी मोजणीचे क्लिकर घ्या, माणसाचे मन दीडशेनंतर भरकटते.

अडकलेली चिझल विंचच्या पूर्ण ताकदीने ओढायची नाही. विंच ताणली की आधी तिपाईचा पाय उचलला जातो आणि मग सगळे खाली येते. आधी दोर किंचित ताठ धरून वर-खाली छोटे झटके. बाजूला गाळ बसला असेल तर पाइपने पाणी किंवा हवा सोडून मोकळा करा. वरून दगड पडून पाचर बसली असेल तर हलकी छिन्नी वेगळ्या दोराने सोडून तो दगड फोडा. दोर तुटला असेल तर मासा पकडायच्या गळासारखा हूक उतरवतात, म्हणून चिझलच्या माथ्यावर आधीच एक मोठे कडे वेल्ड करून ठेवा.

माणूस खाली उतरवायचा नाही. ६०० मिमीत नाही, हजारातही नाही, ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही नाही. आणि जेवायला गेलात तरी बोअरवर जाड प्लेट झाकलेली हवी. गल्लीत लहान मुले असतात.

काँक्रीटकट्टा

सगळी चर्चा खडकावर चालली आहे, आणि पाइल बिघडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या तीन तासांत. घट्ट पाषाणात दीड मीटर सॉकेट घेतले आणि तळाशी १५ सेंमी गाळ ठेवून काँक्रीट केले तर तो पाइल गाळावर उभा आहे.

केज आधी. ६०० ला ७५ कव्हर (सळ्यांबाहेरचे काँक्रीट) धरले तर केजचा बाहेरचा व्यास ४५०. आयएस २९११ (पाइलचे भारतीय मानक) प्रमाणे कमीत कमी ०.४ टक्के म्हणजे ११३१ चौ. मिमी, सहा १६ मिमीच्या सळ्यांत बसते. डिझाइन जास्त मागत असेल तर जास्त. कव्हरसाठी चौकोनी ठोकळे नकोत, गोल फिरणारे घ्या, नाहीतर ते भिंत खरवडून गाळ पुन्हा तळाला पाठवतात.

केज उतरल्यावर ट्रिमी पाइप (तळापर्यंत काँक्रीट पोचवणारी नळी) उतरवून त्यातूनच फ्लशिंग (तळ धुऊन काढणे). वर येणारे पाणी किंवा स्लरी कपच्यांशिवाय येईपर्यंत. मग वजन बांधलेल्या टेपने खोली पुन्हा मोजा. बोअर पूर्ण झाला तेव्हाची खोली आणि आत्ताची, यातला फरक हाच तुमचा गाळ. फ्लशिंग थांबल्यावर अर्ध्या तासात काँक्रीट सुरू झाले नाही तर पुन्हा मोजा. मिक्सर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिल्याशिवाय शेवटचे फ्लशिंग थांबवूच नका.

पहिला चार्ज (काँक्रीटचा पहिला लोट) हा कळीचा. ट्रिमीचे तोंड तळापासून २५ सेंमी वर. पहिल्या दमात पाइप निदान एक मीटर काँक्रीटमध्ये बुडला पाहिजे. म्हणजे १.२५ मीटर × ०.२८३ = ०.३५ घनमीटर. शिवाय बाहेरच्या स्लरीला तोलायला पाइपमध्ये उरणारे काँक्रीट: १३ मीटरच्या बोअरला सुमारे ५.४ मीटर उंची, २०० मिमी पाइपला ०.१७ घनमीटर. एकूण ०.५२. साइटवरचे हॉपर (पाइपवरचे काँक्रीट ओतायचे नरसाळे) बघा, बरेचसे ०.३ चे असतात! त्याने पहिल्याच घासाला पाइपच्या तोंडातून पाणी शिरते आणि तळाला धुतलेली खडी उरते.

स्लम्प (काँक्रीटच्या ओघळण्याचे माप) १५० ते १८० मिमी, सिमेंट घनमीटरला किमान ४०० किलो. पाइप काँक्रीटमध्ये कायम दोन मीटर बुडलेला. प्रत्येक खेपेनंतर काँक्रीटची पातळी मोजून लिहा. १३ मीटरला हिशोबाने ३.६८ घनमीटर लागते, प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के जास्त जाते. हिशोबापेक्षा कमी लागले तर आनंद मानू नका, बोअर कुठेतरी आत आला आहे. शेवटी कट-ऑफच्या (पाइल जिथे संपवायचा त्या पातळीच्या) वर निदान ६०० मिमी काँक्रीट, कारण वरचा थर गाळमिश्रित असतो, तो नंतर फोडायचाच आहे. केसिंग काढायचे असेल तर काँक्रीट ओले असतानाच, आणि केसिंगमध्ये काँक्रीटची पुरेशी उंची ठेवून. रिकामे ओढले तर मान बारीक होते.

आणि ताज्या पाइलशेजारी दुसऱ्या दिवशी चिझल लावू नका. एक सोडून एक असा क्रम ठेवा.

रिगरोटरी

@काँक्रीटकट्टा, १५ सेंमी गाळ सगळ्याच साइटवर राहतो असे नाही, पण मुद्दा पटला. झालेल्या सगळ्या पाइलवर आयएस १४८९३ प्रमाणे हातोडीची इंटेग्रिटी चाचणी करून घ्या. मान बारीक झाली, तडा गेला हे कळते. मात्र तळाचा पातळ गाळ या चाचणीत नीट दिसत नाही. तो कळतो लोड टेस्टमध्येच. रूटीन टेस्टला दीडपट, म्हणजे तुमच्याकडे १८० टन. त्यासाठी सव्वापट ओझे रचायचे तर २२५ टनांचे ठोकळे त्या प्लॉटवर मावतात का, ते आत्ताच बघून ठेवा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. केसिंग ७ मीटरचे करायचे ठरवले, हॉपर मोजले तर खरोखर लहान आहे, नवीन करायला टाकतो. आजच शेजारच्या काकांकडे जाऊन आलो.

पण मूळ प्रश्न अजून थोडा अडतो. ठेकेदाराचा दर मातीला एक आणि खडकाला चौपट असा मीटरवर आहे. तो म्हणतो ९ पासून खडक धरा. डिझाइनर म्हणतात १२ पासून. आणि चिझलचा आकडा बाहेरून आणायचा नाही, हे ओळंबा यांचे म्हणणे पटले. मग इथला आकडा ठरवायचा कसा?

ओळंबा

पहिला पाइल तपासणीच्या पहिल्या बोअरला अगदी लागून घ्या. तिथे खाली काय आहे ते तुमच्याकडे कोअरमध्ये आहे. ९ मीटरपासून प्रत्येक अर्ध्या तासाचा आकडा लिहा, त्याच चिझलने, त्याच ऑपरेटरने, १.२ मीटरच्याच उचलीने. झिजलेल्या थरात अमुक, मांजऱ्यात अमुक, पाषाणात अमुक, असे तीन आकडे तुमच्या हातात येतील. दुसरा पाइल दुसऱ्या बोअरजवळ घेऊन ते पडताळा. तिथला गोटा फोडताना आकडा किती वर जाऊन खाली येतो, तेही कळेल. उरलेल्या २२ पाइलना हे आकडे, कपच्यांची पिशवी आणि मुरूममास्तरांचे १०० मिमीचे भोक, तिन्ही जुळले तरच थांबा. ऑपरेटर किंवा चिझल बदलली तर पुन्हा जुळवा. शेजाऱ्याच्या भिंतीलगत उचल कमी ठेवणार असाल तर त्या उचलीचा आकडाही वेगळा काढून ठेवा.

सॉकेट कुठून मोजायचे, हा दराचा नाही, डिझाइनचा प्रश्न. १२० टन पेलायला पाषाणाची पकड धरली असेल तर १२ पासूनच. मांजऱ्या धरायचा असेल तर डिझाइनरने त्याची ताकद घेऊन लांबी पुन्हा काढावी, कदाचित १.२ च्या ऐवजी जास्त लागेल.

हिशोबी

आणि दराची भाषा बदला. ‘खडक’ हा शब्द करारात ठेवलात की रोज भांडण. झिजलेला थर, मांजऱ्या आणि पाषाण असे तीन दर ठेवा, आणि तिन्हींची सीमा पहिल्या पाइलवर निघालेल्या आकड्यांनी ठरवा. तासावर पैसे देऊ नका, चिझल सावकाश चालते. सरसकट रक्कमही नको, मग ७.६ चा गोटा सगळ्यांना खडक वाटू लागतो.

मुरूममास्तर

पहिला पाइल कधी घेताय? शक्य झाले तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे इथेच टाका. ९ ते १०.५ मधल्या झिजलेल्या थरात आकडा कसा चढतो, ते बघायचे आहे.

गोदाकाठ

तिपाई गुरुवारी येते. वरून जाणारी सर्व्हिस वायर सरकवून झाली की सुरू. आकडे टाकतो.